झाडावरचा माणूस पुसू नका

दोन वर्षांपूर्वी माघात मी साखरशेतला घरी गेलो होतो. संध्याकाळी काका बांधावरच्या ऐनावर चढून फांद्या तोडत होता. कमरेला आकडी, हातात कोयता. खाली काकी तोडलेल्या फांद्यांचे कवळे बांधत होती. झाडामागे सूर्य बुडत होता. मी खालून फोन वर धरला आणि सात-आठ फोटो काढले.

पुण्याला परतताना बसमध्येच त्यातला एक निवडला आणि एडिट करायला बसलो. आधी विजेची तार पुसली. मग खालचा भाग क्रॉप केला, त्यात कवळे गेले आणि काकीही गेली. आकाश थोडं जास्त केशरी केलं. तरी फोटो 'बसत' नव्हता, कारण खोडाच्या मधोमध काका होता. मी बोटाने त्याच्याभोवती गोल काढला. फोनने दोन सेकंद विचार केला आणि काका गेला. राहिलं ते उंच काळं खोड आणि टोकाला पानांचा एक झुपका. मी खाली एकच शब्द लिहिला, 'एकटा', आणि फोटो टाकून दिला.

माझ्या कुठल्याच फोटोला मिळाले नव्हते इतके लाइक त्याला मिळाले. कुणी लिहिलं, हे झाड म्हणजे मीच. कुणाला त्यात जपानी चित्र दिसलं. एकाने वॉलपेपरसाठी मोठ्या साइझमध्ये मागितला.

आठवड्याभराने चुलतभावाने तो फोटो काकाला दाखवला. रात्री काकाचा फोन आला. "झाड तर आपलंच आहे. मग मी कुठं गेलो?" तो हसत होता, मीही हसलो. फोन ठेवल्यावर मात्र मला बराच वेळ काही सुचलं नाही.

मग मी मूळ फोटो टाकला. तार, कवळे, काकी, काका, सगळं असलेला. त्याच खात्यावर, बरेचसे तेच लोक बघत असताना. या वेळी कमेंट आल्या त्या अशा: किती क्रूर. हेच लोक जंगल संपवतात आणि मग पाणी नाही म्हणून रडतात. वनखात्याला टॅग करा. ज्याने वॉलपेपर मागितला होता त्याने रडका इमोजी टाकला.

झाड तेच होतं. तोडलेल्या फांद्या तेवढ्याच होत्या. दोन्ही फोटोंमध्ये फरक एवढाच की पहिल्यात माणूस नव्हता, म्हणून लोकांना ते झाड ध्यानाला बसलेलं वाटलं. दुसऱ्यात माणूस दिसला आणि तेच झाड जखमी झालं.

माझं भांडण या फरकाशी आहे. त्यात पहिला आरोपी मीच आहे, हेही सुरुवातीलाच सांगून टाकतो.

ऐनाला असा आकार कोण देतं?

जव्हार-मोखाड्यात फिरलेल्या कुणीही ही झाडं पाहिली असतील. डोंगरउतारावर, बांधावर, वरकस जमिनीत सरळ खांबासारखी उभी. अंगावर आखूड फांद्यांचे ठोंब आणि शेंड्याला पानांचा तुरा. पर्यटकांना ती विचित्र वाटतात. गाडीतून बघणाऱ्याला वाटतं की झाडाला काही रोग झालाय किंवा कुणी चोरून लाकूड नेलंय.

हा आकार राबाचा आहे. आमच्याकडे भात आणि नागलीची रोपं आधी एका लहान तुकड्यात वाढवतात आणि मग शेतात लावतात. तो तुकडा पावसाआधी भाजून घ्यावा लागतो. त्यासाठी हिवाळ्यात ऐनासारख्या झाडांच्या फांद्या छाटायच्या, त्यांचे कवळे बांधून वाळवायचे, उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा, फांद्या असे थर अंथरायचे, वर बारीक माती टाकायची आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन आग लावायची. भाजणीने तणाचं बी मरतं, राखेचं खत होतं आणि पहिल्या पावसात टाकलेलं बी जोमाने येतं. ज्यांच्याकडे विकत घ्यायच्या खताला पैसे नव्हते आणि ज्यांच्या उतारावरच्या जमिनीत मातीचा थरच पातळ होता, त्यांनी काढलेली ही युक्ती आहे.

झाड मरू नये म्हणून शेंडा ठेवतात. पावसात ठोंबांना पुन्हा धुमारे फुटतात. काकाचा ऐन त्याच्या बापानेही छाटलेला आहे. म्हणजे तुम्ही ज्याला जखम म्हणता ती दोन पिढ्यांची वहिवाट आहे आणि झाड अजून उभं आहे. मुळात ते त्या बांधावर टिकलं ते उपयोगी पडतं म्हणून.

राबात सगळं छान आहे असा माझा दावा नाही. वारंवार, घाईने, शेंड्यापर्यंत छाटलं तर झाड खंगतं. पालापाचोळा आणि शेण जाळण्यापेक्षा कुजवलं तर मातीला बरं, असं शेतीशास्त्र सांगतं आणि ते खोटं नाही. त्यावर वाद जरूर करा. पण वाद करायला आधी दिसलं तर पाहिजे की इथे एक पद्धत आहे, तिला कारण आहे आणि ती करणारा माणूस आहे. फोटोतून माणूस काढला की वादच संपतो, आणि फोटोत नुसता कोयतेवाला माणूस दिसला की वाद सुरू व्हायच्या आधीच निकाल लागतो.

हा निकालही नवा नाही. जव्हार तेव्हा मुकण्यांचं संस्थान होतं, पण शेजारच्या ब्रिटिश ठाणे जिल्ह्यात राबासाठी फांद्या तोडण्यावरून शेतकरी आणि वनखातं यांच्यात इतकं जुंपलं होतं की १८८५ साली मुंबई सरकारला ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या जंगलविषयक तक्रारींसाठी आयोग नेमावा लागला. साहेबाला ऐनात इमारती लाकूड दिसत होतं. शेतकऱ्याला त्यात पुढच्या वर्षीचं भात दिसत होतं. आज साहेब गेला आणि त्याच्या जागी फोटो स्क्रोल करणारे आपण आलो. आपल्याला ऐनात वॉलपेपर दिसतो.

'नो फिल्टर' नावाची थाप

आता कुणीतरी म्हणेल, सोपं आहे, एडिट करू नका. फोटो जसा आला तसा टाका.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे हे मला मान्य करता येत नाही. 'जसा आला तसा' असा फोटो फोनमधून कधी येतच नाही. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर प्रत्येक बिंदूपुढे एकाच रंगाची काच असते: लाल, हिरवी किंवा निळी. ही मांडणी कोडॅकच्या ब्राइस बायर यांच्या नावाने ओळखली जाते, पेटंट १९७६ चं. चार बिंदूंच्या प्रत्येक चौकटीत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. हिरवे दुप्पट, कारण माणसाचा डोळा त्या भागातला उजेड सगळ्यात बारकाईने टिपतो. म्हणजे प्रत्येक बिंदूवर तीनपैकी एकच रंग खरोखर मोजला जातो आणि उरलेले दोन शेजारपाजारच्या बिंदूंवरून हिशेबाने काढले जातात. तुमच्या फोटोतली दोन तृतीयांश रंगमाहिती गणितातून आलेली असते. त्यावर फोन एकापाठोपाठ अनेक फ्रेम घेऊन त्या एकमेकींत मिसळतो, सावल्या उजळतो, आकाश सांभाळतो, पानांच्या कडा धारदार करतो. बटण दाबायच्या आत हे सगळं होऊन गेलेलं असतं. 'नो फिल्टर' लिहिणाऱ्याने फक्त शेवटचा फिल्टर लावलेला नसतो.

तेव्हा एडिटिंग वाईट, हा माझा मुद्दाच नाही. डोळ्याला सावलीतलं खोड दिसत होतं आणि फोटोत ते काळं आलं, तर ते उजळा. लाल माती पिवळट आली, तर रंग सुधारा. तिथे उभं राहून जे दिसलं त्याच्या जवळ नेणारं एडिटिंग वेगळं आणि तिथे जे होतं तेच काढून टाकणारं वेगळं. पहिल्यात तुम्ही यंत्राची चूक दुरुस्त करता. दुसऱ्यात तुम्ही साक्षीदार फोडता.

याबाबतीत मोठमोठी माणसंही घसरली आहेत. अॅन्सेल अॅडम्स हा अमेरिकेतल्या डोंगर-झाडांचा सर्वांत गाजलेला छायाचित्रकार. मूळचा पियानो वाजवणारा. निगेटिव्ह म्हणजे स्वरलिपी आणि प्रिंट म्हणजे मैफल, असं तो मानायचा, आणि डार्करूममध्ये तासन्‌तास उजेड-अंधार जुळवायचा. तिथपर्यंत माझं काही म्हणणं नाही. पण १९४४ सालच्या त्याच्या 'विंटर सनराइझ' या प्रसिद्ध फोटोत मागच्या टेकडीवर लोन पाइन गावातल्या शाळेच्या पोरांनी पांढऱ्या दगडांनी आपल्या गावाची आद्याक्षरं काढलेली होती. अॅडम्सने ती पुसली. त्याला तो डाग वाटला. पोरांना तो त्यांचा डोंगर वाटत होता.

त्याच देशात योसेमिटीच्या दरीतून तिथल्या अहवाहनीची लोकांना १८५१ साली सशस्त्र तुकडी पाठवून हुसकावलं गेलं. दहा वर्षांनी, १८६१ मध्ये, कार्लटन वॉटकिन्सने तिथे अवजड काचांच्या निगेटिव्हवर प्रचंड झाडांचे आणि कड्यांचे फोटो काढले. १८६४ मध्ये लिंकनने ती दरी राखून ठेवणाऱ्या कायद्यावर सही केली. फोटोंनी जगाला जी दरी दाखवली ती माणसाचा स्पर्श न झालेली, निर्जन. खरं तर त्या जमातीतले काही लोक परत येऊन तिथे पुढेही राहत होते. वॉटकिन्सला इरेजर वापरायची गरज पडली नाही. ते काम आधीच झालेलं होतं.

कुठे उभं राहायचं हेही एडिटिंगच

इरेजर हा प्रकार तसा अलीकडचा. फोटोशॉपमध्ये आजूबाजूचा मजकूर बघून रिकामी जागा भरणारी सोय २०१० साली आली, बोटाने गोल काढून माणूस गायब करायची सोय फोनमध्ये २०२१ च्या सुमारास रुळायला लागली. पण त्याच्या कितीतरी आधीपासून झाडाच्या फोटोतला माणूस काढायची युक्ती होती: दोन पावलं बाजूला सरका.

जुलै-ऑगस्टमध्ये शनिवार-रविवारी जव्हारला येऊन बघा. दाभोसा धबधब्याच्या वाटेवर, सनसेट पॉइंटला, हनुमान पॉइंटला प्रत्येकजण कोन शोधत असतो. असा कोन, ज्यात टॉवर येणार नाही, पत्र्याचं छप्पर येणार नाही, हंडा घेतलेली बाई येणार नाही आणि शेजारी उभे असलेले इतर वीस फोटोवालेही येणार नाहीत. मग धुक्यात एकटं झाड सापडतं. त्याच झाडापुढे रांग लागते. रांगेतला प्रत्येकजण 'एकटं झाड' घेऊन घरी जातो.

दुसरी युक्ती ऋतूची. आमचं जंगल पानगळीचं आहे. माघ-फाल्गुनात साग उघडा पडतो, ऐन उघडा पडतो, मोहाची पानं गळून फुलं येतात, डोंगर तपकिरी होतो. वर्षातले कितीतरी महिने तो असाच असतो. पण नेटवर जव्हार शोधलंत तर बारा महिने पावसाळा दिसेल. पावसाळ्यानंतर याच गावांतली माणसं भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात आणि उन्हाळ्यात पाण्यासाठी टँकरची वाट बघतात, हे त्या हिरव्या फोटोंत मावत नाही. ज्या तालुक्यातलं वावर-वांगणी हे नाव १९९२ साली बालमृत्यूंमुळे महाराष्ट्राला कळलं, त्याला आज लोक 'मिनी महाबळेश्वर' या नावाने शोधतात. पर्यटक येऊ नयेत असं मी म्हणत नाही, चार पैसे येतात. पण वर्षातला सगळ्यात ओला महिना निवडून त्यालाच गावाचा चेहरा करणं ही कॉम्पोझिशनच आहे, फक्त ती फ्रेमऐवजी कॅलेंडरवर केलेली आहे.

तिसरी युक्ती हिरव्या स्लायडरची. फोनने झाडं ओळखली की तो अनेकदा आपणहूनच हिरवा गडद करतो. त्यावर आपण आणखी दहा अंश सरकवतो. याचा एक गमतीदार परिणाम झालाय. फाल्गुन-चैत्रात कोशिंबाला कोवळी पानं येतात ती लालभडक असतात, ऊन पडलं की झाड पेटल्यासारखं दिसतं. मी तो फोटो कुठलाही रंग न वाढवता टाकला, तर तिघांनी विचारलं, कुठला फिल्टर? खोट्या हिरव्यावर कुणी कधी शंका घेतली नाही. खऱ्या लालवर तिघांनी घेतली. वर्षानुवर्षं तेच ते बघून आपला डोळाही एखाद्या मॉडेलसारखा ट्रेन झालाय. जे जास्त वेळा पाहिलं ते खरं आणि जे कमी पाहिलं ते एडिट केलेलं.

फोनला झाड कसं असावं ते आधीच माहीत असतं

ट्रेनिंगचा विषय निघालाच आहे तर आणखी एक प्रयोग सांगतो. हा लेख लिहायच्या आधी मी काकाचा तोच मूळ फोटो एका नव्या एआय एडिटरमध्ये टाकला आणि फक्त तार काढायला सांगितलं. तार गेली. सोबत, मी न मागता, खोडाच्या उजव्या बाजूला एक सुंदर पानांनी भरलेली फांदी आली. जिथे काकाने तासाभरापूर्वी कोयता मारला होता, नेमकी तिथे.

यंत्राने माझ्याशी कुठला डाव खेळला नाही. त्याने लाखो झाडं बघितली असतील, त्यांतली बहुतेक भरगच्च असतील, म्हणून तार काढून उरलेल्या जागेत काय असायला हवं याचा त्याने अंदाज बांधला. त्याच्या हिशेबात छाटलेला ऐन म्हणजे झाडातली चूक.

मार्च २०२३ मध्ये असाच एक किस्सा गाजला होता. एका माणसाने चंद्राचा मुद्दाम धूसर केलेला फोटो संगणकाच्या पडद्यावर लावला आणि अंधारात उभं राहून सॅमसंगच्या फोनने त्याचा फोटो काढला. फोनने त्या धूसर गोळ्यावर खड्डे आणि डाग उमटवले, जे समोर नव्हतेच. फोनने चंद्र ओळखला होता आणि चंद्र कसा दिसतो हे त्याला माहीत होतं. लोक चिडले, कंपनीला खुलासा करावा लागला. चंद्राच्या बाबतीत निदान एवढं तरी आहे की त्याची एकच बाजू आपल्याला दिसते आणि ती साऱ्या जगाला ठाऊक आहे, म्हणून चोरी पकडली गेली. साखरशेतच्या बांधावरच्या ऐनाला उजवीकडे फांदी आहे की नाही हे काका-काकी सोडून कुणाला ठाऊक आहे? उद्या असे लाखभर दुरुस्त ऐन नेटवर जमा होतील, पुढची मॉडेल त्यांच्यावर शिकतील आणि छाटलेलं झाड ही गोष्ट फोटोच्या जगातून बिनबोभाट निघून जाईल.

एवढं काय बिघडलं?

माझे ऑफिसातले मित्र इथे वैतागतात. अरे, एक फोटो आहे. इन्स्टावर टाकला, लोकांनी बघितला, विसरले. तू त्यातून समाजशास्त्र कशाला काढतोस?

काढतो, कारण आमच्याकडे झाडाच्या चित्रावर जमिनीचा निकाल लागू शकतो.

२००६ च्या वनहक्क कायद्याने एक गोष्ट मान्य केली: पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहणाऱ्या आणि जमीन कसणाऱ्या लोकांवर अन्याय झालेला आहे आणि १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असलेल्या जमिनीवर त्यांचा हक्क नोंदवला पाहिजे. मग प्रश्न येतो पुराव्याचा. जाणत्या माणसांचे जबाब, बांध, घर, जुने कागद असे अनेक पुरावे नियमांत आहेत. पण उपग्रहाचा फोटो हातात आला की बाकी पुराव्यांना कोण विचारतो? वरून बघितलं तर हिरवं दिसतंय, म्हणजे इथे जंगल आहे, म्हणजे शेती नव्हती, म्हणजे दावा खोटा. २०१२ साली नियमांत दुरुस्ती करून स्पष्ट लिहावं लागलं की उपग्रह प्रतिमा इतर पुराव्यांना पूरक म्हणून वापरा, त्यांच्या जागी वापरू नका.

आता आमची वरकस जमीन आठवा. नागली, वरई, खुरासणीची पिकं आलटून पालटून, मध्ये काही वर्षं जमीन मोकळी सोडायची, अधूनमधून राबासाठी राखलेले ऐन. ही जमीन आकाशातून कशी दिसेल? ज्या वर्षी ती विसावा घेत असेल त्या वर्षी ती झुडपांचं रान दिसेल. राबासाठी झाडं राखली हाच शेतकऱ्याचा गुन्हा ठरेल, कारण झाडं तोडून टाकली असती तर शेत शेतासारखं दिसलं असतं. चारशे-पाचशे किलोमीटर वरून माणूस दिसत नाही. झाड दिसतं, आणि जिथे झाड तिथे माणूस नसणार, हे बघणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं.

त्याने ते कुठून ठरवलं? माझ्या 'एकटा' सारख्या फोटोंनी त्याचा डोळा तयार केला. कुठला अधिकारी माझं इन्स्टा बघून दावे फेटाळतो, असं मला म्हणायचं नाही. मी म्हणतोय की तो, तुम्ही आणि मी एकाच प्रकारची चित्रं बघत मोठे झालो. शाळेच्या वहीच्या मागची, कॅलेंडरवरची, कॉम्प्युटरच्या पडद्यावरची. त्या सगळ्यांत झाड असतं आणि माणूस नसतो. अशी दहा हजार चित्रं बघितल्यावर कोयता घेऊन झाडावर चढलेला माणूस घुसखोर वाटणारच.

याच्या उलटं चित्रही बघा. २०१९ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात ३३ कोटी झाडं लावायचं सरकारी लक्ष्य होतं. त्या दिवसांतले वृक्षारोपणाचे फोटो आठवतात? सहा-सात जण कॅमेऱ्याकडे बघतायत, एकाच्या हातात झारी, आणि खाली कुठेतरी कोपऱ्यात वीतभर रोप, तेही कधीकधी क्रॉप होऊन गेलेलं. तिथे माणसाला पुसायचं कुणालाच सुचलं नाही, झाडच पुसलं गेलं. म्हणजे एक दिवस रोप लावणारा हात फ्रेमच्या मधोमध आणि आयुष्यभर झाड वापरून झाड जगवणारा हात फ्रेमच्या बाहेर. कुणाचा हात दिसावा हे कॅमेऱ्याने ठरवलेलं नसतं. ते आपण ठरवतो.

भिंतीवरची झाडं

मला सांगितलं जातं की माणसाशिवायचं झाड जास्त सुंदर दिसतं, सौंदर्याचा हा नियमच आहे. असा नियम नाही. निदान आमच्या भागात तरी नव्हता.

वारली चित्रं तुम्ही कुर्त्यांवर, कपांवर, मेट्रोच्या खांबांवर पाहिली असतील. ती मुळात लग्नाच्या वेळी बायकांनी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढायची चित्रं आहेत. मधोमध देवीचा चौक, भोवती सगळं जग. डहाणूच्या जिव्या सोमा मशे यांनी सत्तरच्या दशकापासून ती कागदावर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची झाडं नीट बघा. झाड प्रचंड असतं, पान न् पान काढलेलं, माणूस त्यापुढे मुंगीएवढा. पण तो असतो. कुणी ताडावर चढतोय, कुणी मोळी नेतोय, खाली गुरं आहेत, फांदीत पक्षी आहे. माणूस लहान आहे म्हणून कुणी त्याला काढून टाकत नाही, आणि तो आहे म्हणून झाड कुरूप होत नाही.

म्हणून, घाण दाखवा, दुःख दाखवा, काळापांढरा फोटो काढून गरिबीवर मथळा लिहा, असं मी मुळीच सांगत नाही. तो तर आणखी वेगळा इरेजर आहे. त्यात माणूस राहतो आणि त्याचं काम पुसलं जातं. ऐनावरचा काका बिचारा नव्हता. पंचवीस फुटांवर एका पायाने फांदीला आढी घालून, न बघता, बरोबर जोडाच्या वर कोयता मारत होता. ते सुंदर होतं. मी ते बघितलं, म्हणून तर फोन काढला. आणि मग जे बघून फोन काढला तेच पुसलं.

मग करायचं काय

माझ्यापुरते मी तीन नियम केले आहेत. तुम्हाला पटले तर घ्या.

उजेड, सावली, रंग सुधारा, पण तिथे असलेलं माणूस, घर, तार, हंडा पुसू नका. नकोच असेल तर दुसरा फोटो काढा. पुसलंच, तर तसं खाली लिहा. झाडाच्या नावाने कविता लिहिता तर 'माणूस काढलाय' हे दोन शब्द लिहायला काय जातं?

झाडाचं नाव विचारा आणि लिहा. ऐन, हेद, कळंब, बोंडारा, कोशिंब. 'निसर्ग' हे कुठल्याच झाडाचं नाव नाही. नाव विचारायला गेलात की कुणाशी तरी बोलावं लागतं आणि बोललात की त्याला पुसताना हात अडखळतो.

आणि फोटो आधी त्या जागेच्या माणसाला दाखवा. तो जागा ओळखतो का, स्वतःला ओळखतो का, ते विचारा. अनोळखी लोकांचे हजार लाइक नंतर घ्या.

बघणाऱ्यांनाही एक विनंती. पुढच्या वेळी डोंगरावर एकटं झाड दिसलं आणि छातीत काहीतरी हललं, तर दोन सेकंद थांबून विचारा: याच्या आजूबाजूला कोण होतं? फोटो काढणारा कुठे उभा होता? तिथपर्यंत जी पायवाट गेली ती कुणाच्या पायांनी पडली? आणि छाटलेल्या झाडावर कोयता घेतलेला माणूस दिसला तर 'क्रूर' लिहायच्या आधी, तो काय करतोय, एवढं तरी विचारा. माझ्या त्या फोटोखाली बऱ्याच कमेंट आल्या. हा प्रश्न त्यांतल्या एकानेही विचारला नव्हता.

हा तिसरा नियम मला काकानेच शिकवला. गेल्या दिवाळीत मी मूळ फोटोची मोठी प्रिंट काढून घरी नेली. तारेसकट, कवळ्यांसकट. काकाने ती बराच वेळ बघितली. काकीने स्वतःला शोधलं, कोपऱ्यात पाठमोरी सापडली. मला वाटलं आता प्रायश्चित्त झालं.

काका म्हणाला, "चांगला आलाय. पण बनियन लई मळकं दिसतं रे. ते जरा पांढरं नाही का करता येत?"

माझ्या डोक्यात माझेच नियम फिरले. मग लॅपटॉप उघडला आणि बनियन पांढरं केलं. दुसरी प्रिंट आता साखरशेतच्या घरात भिंतीवर आहे. फोटो त्याचा होता, त्याने सांगितलं, मी एडिट केलं.